ऊन भरपूर आहे, पाण्याचं बोला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात गेल्या रविवारी सोलर वॉटर हीटरवर पान आलं होतं. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, मग लोक गिझर कशाला जाळतात, असा एकंदर सूर होता. पान चांगलं होतं, आमच्या घरी तिघांनी वाचलं आणि सुनेनं कापून फ्रिजवर लावलं. पण वाचताना मला सारखं वाटत होतं की लिहिणाऱ्याच्या घरी नळाला रोज पाणी येत असणार.

मी ३४ वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या प्रोसेस हाउसमध्ये बॉयलर अटेंडंट होतो. आता निवृत्त, मुक्काम जुळे सोलापूर. आयुष्यभर लोकांचं पाणी तापवलं, पण स्वतःच्या न्हाणीघरातलं पाणी कशावर तापवायचं हे काही दीड वर्ष ठरेना. त्या दीड वर्षात जे कळलं ते सांगण्यासाठी हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण सोलरच्या काचेच्या ट्यूब फुटल्याचा भाग तेवढा ठेवा.

घरात सात माणसं. मी, सौ., आई (वय ८३), धाकटा मुलगा, सून आणि दोन नातवंडं. थंडीत सकाळी सात बादल्या गरम पाणी लागतं. हिशेब अगदी साधा आहे. वीस लिटरची बादली, गार पाणी २२ अंशांवर, अंगावर घ्यायला ४२ अंश पुरे. एवढं तापवायला जेमतेम अर्धं युनिट लागतं. सात बादल्यांना तीन-सव्वातीन, म्हणजे महिन्याला शंभरच्या आसपास युनिटं. आमचं बिल स्वस्त टप्पा ओलांडून महागात जातं ते याच शंभर युनिटांनी. सगळे आकार धरून मला ते युनिट तेराच्या घरात पडतं. थंडीच्या एका महिन्याला बाराशे-तेराशे रुपये नुसते आंघोळीचे.

एक गोष्ट मला बॉयलरवाला म्हणून खुपते, ती मध्येच सांगून टाकतो. इकडे फताटेवाडीला १३२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. तिथं कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेवर टर्बाइन फिरतं, त्यावर वीज होते. या खटाटोपात कोळशातल्या उष्णतेचा निम्म्याहून अधिक भाग वीज होण्याआधीच निघून जातो. उरलेली वीज तारांमधून आपल्या घरी येते आणि आपण तिनं काय करतो, तर पुन्हा पाणी तापवतो. पाणी तापवायला पाणी तापवायचं. आमच्या बॉयलर हाउसमध्ये असा उद्योग कुणी केला असता तर शिफ्ट इंजिनिअरनं हाकलला असता. तेव्हा सोलरला माझा तत्त्वतः विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

गेल्या मे महिन्यात एका कंपनीचा माणूस आला. नाव लिहीत नाही, कारण त्यानंतर आलेले दोघंही तेच बोलले. गच्चीवर चढला, कमरेवर हात ठेवून एक गिरकी घेतली आणि म्हणाला, "काका, एक नंबर ऊन आहे. तीनशे लिटरचा बसवा." आता सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली पडत नाही. त्या दिवसांत गच्चीवर कुठंही बघा, ऊनच ऊन. पण मे महिन्यात सोलापुरात गरम पाणी कुणाला हवंय? दुपारी नळ सोडला तर हात भाजतो. सौ. तर एप्रिलपासून सकाळच्या आंघोळीचं पाणी रात्रीच बादलीत काढून ठेवते, निवायला.

गरम पाणी लागतं डिसेंबर-जानेवारीत. म्हणून मी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खडू घेऊन गच्चीवर बसलो. दक्षिणेला शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी मजला चढवलाय, त्यांची भिंत माझ्या गच्चीपेक्षा बारा फूट उंच आहे. मे महिन्यात त्या भिंतीची सावली त्यांच्याच पायाशी. डिसेंबरात साडेबाराला, म्हणजे ऊन सगळ्यात वर असताना, ती माझ्या गच्चीवर दहा फुटांच्या पुढं आलेली. दर तासाला रेघ मारत गेलो. धाकटी नात वर आली आणि त्या रेघांवर लंगडी खेळायला लागली. संध्याकाळी बघतो तर त्या माणसानं दाखवलेली जागा नऊपासून तीनपर्यंत सावलीत. साडेनऊ ते साडेतीन स्वच्छ ऊन मिळेल असा एकच कोपरा निघाला, ईशान्येचा, जिन्याच्या खोलीजवळचा. बसवायचा विचार असेल त्यानं गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, स्वतः गच्चीवर जाऊन बघावं, इतकंच सांगतो. खडूला एक रुपया लागतो.

आता मुख्य मुद्दा. बॉयलरवर लागलो तेव्हा आमच्या जुन्या फायरमननं शिकवलेली पहिली गोष्ट अशी: आग नंतर, आधी गेज ग्लासात, म्हणजे बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेत, पाणी बघ. या धंद्यातली निम्मी अक्कल तेवढ्यात आली. सोलरमध्ये आग आयती आहे, ती बंद करता येत नाही. मग पाणी बघायचं कुणी?

सोलरच्या टाकीतलं गरम पाणी आपणहून नळाला येत नाही. गरम पाण्याचा पाइप टाकीच्या वरच्या अंगाला असतो, गार पाणी खालून आत येतं. नळ सोडला की खालचं गार पाणी वरच्या गरम पाण्याला ढकलतं, तेव्हा ते खाली येतं. म्हणून गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी आणि तिच्यात पाणी हवं. ती रिकामी झाली की सोलरमध्ये दोनशे लिटर कढत पाणी असूनही न्हाणीत थेंब पडत नाही. हे तीनपैकी एकाही विक्रेत्यानं सांगितलं नाही, आपल्या पानातही नव्हतं. आणि आपल्या गावात तर हेच आधी सांगायला हवं. उजनी धरणाहून शंभर किलोमीटरवरून पाणी येतं, कुठं भीमेवरच्या टाकळीचं, कुठं हिप्परग्याच्या तलावाचं, आणि नळाला सुटतं चार-पाच दिवसांआड. मी डिसेंबर-जानेवारी कॅलेंडरवर टिपून ठेवलं. बहुतेक वेळा चार दिवसांचा खंड, दोनदा सहा दिवसांचा, आणि एकदा पाणी आलं ते रात्री दोन वाजता. सौ.नं तेव्हा अंगणात बॅटरी धरली होती आणि मी मोटर.

माझ्या साडूच्या घरचा प्रकार ऐका. त्यांच्याकडं काचेच्या ट्यूबचा सोलर, तीन वर्षं छान चालला. गेल्या एप्रिलात दोघं आठ-दहा दिवस लेकीकडं पुण्याला गेले. खाली भाडेकरू. सोलरचा गार पाण्याचा पाइप आणि भाडेकरूच्या नळाचा पाइप गच्चीवर एकाच ठिकाणाहून निघालेला, मध्ये पाणी उलटं फिरू न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नाही. वरची टाकी संपली, खाली नळ उघडा राहिला, आणि सोलरमधलं पाणी आल्या वाटेनं उलटं खाली उतरलं. ट्यूबमध्ये राहिलेलं पाणी रोजच्या उन्हानं उकळून वाफ होऊन गेलं. साडू परत आले त्या दिवशी दुपारी एकला नळ आले. माणूस काय करणार, आनंदानं मोटर लावली. गार पाणी वर चढलं आणि त्या तापलेल्या कोरड्या काचेत पडलं. साडू सांगतात, दिवाळीची लड लावल्यासारखा आवाज आला. सहा ट्यूब गेल्या. गच्चीभर काच, आणि पाच दिवसांनी आलेलं पाणी पन्हाळीतून रस्त्यावर. कंपनीचा माणूस आला, वर न चढता म्हणाला, हे वॉरंटीत बसत नाही. नियमानं त्याचं खरंही असेल. पण बसवताना दोन-चारशे रुपयांचा व्हॉल्व्ह टाकायचा कुणी, साडूंनी?

आणि पाणी कसलं, तेही बघायला हवं. नळ येत नाहीत त्या दिवशी आमच्याकडं बोअर चालते. बोअरचं पाणी इतकं जड की त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आमची पाणी तापवायची कांडी दोन महिन्यांत पांढरी होते. तिच्यावरची खपली मी ठोकून काढली आणि काड्यापेटीत घालून ठेवली, येईल त्या सोलरवाल्याला दाखवायला. तिसऱ्यानं ती बोटांत धरून विचारलं, "हे काय, चुना?" गिरणीत आम्ही बोअरचं पाणी सॉफ्टनरमधून काढल्याशिवाय बॉयलरला दाखवतसुद्धा नव्हतो, खपली धरली की उष्णता आत जात नाही आणि कोळसा फुकट जातो. सपाट पॅनेलच्या सोलरमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या असतात, त्या असल्या पाण्यानं आतून बुजत जातात. काचेच्या ट्यूब रुंद असतात, खपली तळाशी बसते, वर्षातून एकदा काढून धुतल्या की काम भागतं. म्हणजे पाणी चांगलं असेल तर सपाट पॅनेल घ्यावं, फुटायचं भय कमी आणि टिकाऊ. बोअर असेल तर ट्यूब. विक्रेता तुम्हाला त्याच्या गोदामात जे असेल ते सांगतो.

अनुदानाचंही बोलून घेतो. पहिला माणूस म्हणाला, सरकार ७८ हजार देतंय. मी त्याला बसवून चहा पाजला आणि विचारलं, कशाचे? ते ७८ हजार पीएम सूर्यघर योजनेचे, २०२४ मध्ये सुरू झालेल्या, आणि ते छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलला आहेत. तेही तीन किलोवॉट किंवा वर बसवलं तर. एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६०. पाणी तापवायच्या सोलरला केंद्राचं अनुदान पूर्वी होतं, ते २०१४ मध्ये बंद झालं. दोघांनाही लोक 'सोलर'च म्हणतात, त्याचा फायदा घेणारे घेतात. आपण पुन्हा पान काढाल तेव्हा ही दोन सोलर वेगवेगळ्या चौकटीत छापा, एवढी विनंती.

मोठा मुलगा पुण्यात असतो, तो दिवाळीत म्हणाला, बाबा, पाणी तापवायचं सोडा, विजेचं पॅनेलच बसवा, त्यावरच गिझर लावा. त्याच्या बोलण्यात दम आहे. पाणी तापवणारा सोलर आपल्याकडं पुरा चालतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, निम्मा चालतो जुलै ते ऑक्टोबर, आणि मार्च ते जून नुसता उन्हात उभा. विजेचं पॅनेल बाराही महिने काही ना काही देतं, उन्हाळ्यात कूलर-पंखे त्यावर निघतात. पाणी येवो न येवो, त्याला फरक पडत नाही. पण त्याला जागा जास्त लागते, एका किलोवॉटला शंभर चौरस फुटांच्या आसपास, आणि शेजाऱ्यांच्या भिंतीनं माझ्याकडं उन्हातली तेवढी जागा ठेवलेलीच नाही. ईशान्येच्या कोपऱ्यात शंभर लिटरचा पाण्याचा सोलर मात्र आरामात बसतो. गॅस गिझरचं नाव मी घरात काढू देत नाही. बंद न्हाणीत त्याचा विषारी वायू कोंडला तर काय होतं हे बॉयलरवाल्याला कुणी सांगायची गरज नाही.

शंभर लिटर, तीनशे नव्हे. हेही गणित कुणी करून देत नाही म्हणून लिहितो. सोलरचं पाणी थंडीतसुद्धा साठ अंशांच्या आसपास मिळतं. एवढं कढत कुणी अंगावर घेत नाही, जवळपास निम्मं गार मिसळतो. सात बादल्या म्हणजे १४० लिटर, त्यातलं सोलरचं पाऊणशे लिटर. शंभरात वर पंचवीस उरतं, तेलकट भांड्यांना. तीनशेचा घेतला असता तर सव्वादोनशे लिटर पाणी रोज उगाच तापत बसलं असतं.

आणि या पाऊणशेवरूनच माझी मुख्य अडचण सुटली. बॉयलरला स्वतःची वेगळी फीड टाकी असते, तिच्यातलं पाणी दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही. मग सोलरला का नको? पाऊणशे लिटर गुणिले पाच दिवस म्हणजे पावणेचारशे. मी पाचशे लिटरची वेगळी टाकी घेतली, फक्त सोलरची. ती भरायची नुसत्या नळाच्या पाण्यानं, हौदातून मोटरनं, बोअरचा थेंब नाही. तिच्यातून एकच पाइप निघतो तो सोलरला, वाटेत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. घरातली बाकीची टाकी कोरडी पडली तरी सोलरची भरलेली. नळ एक दिवस उशिरा आले तरी चालतं. भाडेकरू ठेवला तरी चालतं. एक पथ्य मात्र आहे. दोन टाक्या दोन उंचीवर असल्यानं न्हाणीत मिक्सरचा नळ लावायचा नाही, नाहीतर जिकडं जोर जास्त तिकडून पाणी दुसऱ्या पाइपात घुसतं. दोन तोट्या आणि खाली बादली, आपल्याला तीच सवय आहे.

प्लंबरला हे पटवायला दोन चहा लागले. "काका, असं कुणी करत नाही," हे त्यानं चारदा सांगितलं. वेल्डिंगवाल्यानं सात फुटांचा अँगलचा स्टँड केला, त्याचे पाय मी मुद्दाम खालच्या कॉलमच्या डोक्यावर घेतले, मधल्या स्लॅबवर नाही. भरलेली टाकी अर्धा टन असते. सगळा खर्च, ट्यूब आणि टाकी, स्टँड, पाइप, मजुरी धरून ३४ हजारांवर जातोय. वर्षाला सहा-सात हजार वाचले तरी पाच वर्षं. विक्रेता दोन वर्षं सांगत होता. तो वर्षाचे बारा महिने धरत होता आणि स्टँड धरत नव्हता.

एक नुकसान आहे, ते लपवत नाही. ऊन ईशान्येला आणि न्हाणी नैर्ऋत्येला, म्हणून पाइप ऐंशी फुटांच्या आसपास झाला. रात्रभर त्यात थांबलेलं पाणी गार पडतं. सकाळी पहिली तोटी सोडली की सहा-सात लिटर गार पाणी येऊन मग गरम येणार. पाच दिवसांआड पाणी बघणाऱ्या घराला हे सोसवत नाही. सौ.ला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग काय, सड्याला होईल." तोटीखाली एक छोटी बादली कायम ठेवायची असं ठरलं. आणि आंघोळी एकामागून एक उरकायच्या, म्हणजे पाइप मध्ये थंड होत नाही. यावर धाकट्या मुलाची हरकत आहे, तो नऊला उठतो.

आजची स्थिती अशी की स्टँड उभा आहे, पाचशेची टाकी वर चढली आहे. परवा नळ आले तेव्हा भरून बघितली, एका जॉइंटला पाझर होता तो टेप गुंडाळून बंद केला. ट्यूब मात्र आत्ता घेत नाही. उन्हाळा तोंडावर आला आहे, आता बसवला तर जूनपर्यंत कुणी वापरणार नाही आणि पाणी आतल्या आत उकळत राहील. मृगाचा पाऊस पडला की बघू. पुढच्या उन्हाळ्यात ट्यूबवर जुनी चादर टाकून दोरीनं करकचून बांधायची, सोलापुरात जुन्या चादरी कुणाच्या घरी नाहीत?

संपादक महोदय, एक मागणी आपल्यामार्फत करतो. कोणत्या भागात नळ कधी सुटणार आणि पाळी चुकणार असेल तर किती दिवसांनी, हे आपल्या पेपरात रोज एका कोपऱ्यात छापता येईल का? चावी सोडणाऱ्याला माहीत असतं, मग ते वाचकांपर्यंत यायला हरकत नसावी. सोन्या-चांदीचा भाव जिथं छापता त्याच्याशेजारी चालेल.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट
जुळे सोलापूर
(नाव प्रसिद्ध करू नये. तिन्ही विक्रेते अजून फोन करतात.)

ता. क. ढगाळ दिवसांसाठी सोलरच्या टाकीत विजेची कांडी बसवून घ्या, असं प्लंबर म्हणत होता. नको म्हटलं. आमच्या मागच्या ओसरीत आईच्या लग्नातला तांब्याचा बंब आहे. मोडवाला दोनदा विचारून गेला, आईनं दिला नाही. करवंट्या आणि मोडक्या खुर्चीच्या फळ्या घातल्या की वीस मिनिटांत चार बादल्या. पाणी तापलं की नाही हे ती अजून बंबाच्या पोटाला पालथा हात लावून सांगते.